बाळाला जवळ घ्यावंसंच वाटत नाही

"मॅडम, लेकराला जवळ घ्यावंसंच वाटत नाही. मी वाईट आई आहे का?" बाळंतपणानंतरच्या महिन्यांत कितीतरी जणींनी मला हे विचारलंय, दाराकडे बघत, आवाज खाली आणून. नाही ताई, तुम्ही वाईट नाही. आजारी असू शकता. बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात त्याला, आणि हा आजार बरा होतो.

एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय २३, पहिलटकरीण, नवरा ट्रकवर. महिनाभरात बाळाचं वजन जेमतेम हललं होतं, ते अंगणवाडी सेविकेनं हेरलं. घरच्यांचं दृष्ट काढून, बाहेरचं बघून झालं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात मी बसायचे, पण 'मानसोपचार' अशी पाटी असलेल्या खोलीबाहेर गावातली कोणती सून येऊन बसेल? सेविकाच म्हणाली, "मॅडम, लसीच्या दिवशी तुम्हीच इकडं या. त्या दिवशी सगळ्या येतातच."

साडेतीन महिन्यांच्या डोसाला त्या आल्या. बाळ सासूबाईंच्या मांडीवर, कुंची घातलेलं. आईकडे बघून हसलं. ताईंची नजर वजनकाट्यावर. बाळ पुन्हा हसलं, हात पुढे केला, मग तोंड फिरवून स्वतःची मूठ चोखायला लागलं. एवढंसं लेकरू आईच्या चेहऱ्याकडे उत्तर मागतं. ते मिळेना, की हळूहळू मागणंच सोडतं.

मी विचारलं, "ताई, सलग चार तास झोपून किती दिवस झाले?" त्यांचे डोळे भरून आले. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही पाच पोरं वाढवली, आम्हाला नाही असलं काही झालं."

मला त्यांचा राग आला नाही. पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ घालणं, तेल, शेक, अंगाई, सगळं त्याच करत होत्या, मायेनंच. सुनेनं हात पुढे केला, की "तुला जमायचं नाही, दे इकडं." दिवसा पाजण्यापुरतंच बाळ आईचं, आणि रात्र मात्र सगळी तिची एकटीची. अशानं माया लागायची कशी?

मग आम्ही तिघींनी मिळून ठरवलं. पहाटेचं पाजून झालं की बाळ सासूबाईंकडे, ताईंनी झोपायचं. आणि तेल लावताना बाळाचे पाय ताईंचे, बोलत बोलत, रोज. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. अंगावर पाजत असतानाही देता येतात अशी औषधं आहेत. ती डॉक्टरांनीच ठरवायची. नवऱ्याशी मी फोनवर दोनदा बोलले. दीड-दोन महिन्यांनी ताई मला सांगत होत्या, "पायाला तेल लावलं की मारतंय बघा लाथा!"

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, चिडचिड होते. बहुतेकींचं ते दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही मन उदास राहिलं, आवडीच्या कशातच जीव रमेना, तर आशाताईंना, सेविकेला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र कधीही, फुकट आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, बाळाला इजा करण्याचे विचार आले, किंवा नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि तोवर बाईला एकटं सोडायचं नाही. बाळाच्या वाढीची शंका असेल, तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाला दाखवा. २०१३ पासूनची ही सोय आहे, पुढचे उपचारही मोफत असतात.

दीड, अडीच, साडेतीन महिने. या तीन डोसांना आई बाळ घेऊन आपल्या पायांनी आपल्यापर्यंत येते. तिथं बाळाचं वजन होतं, आईला मात्र कुणी काही विचारत नाही, याची मला फार खंत वाटते.

त्या सेविकेनं आता तिच्या वहीत, वजनाच्या शेजारी, पेन्सिलीनं एक रकाना आखलाय: आईची झोप.