रंगीत वॉफल तपकिरी का होतात?

प्रश्न: ताई, मुलीच्या वाढदिवसाला सकाळी रंगीबेरंगी भोवऱ्यासारखे वॉफल करायचेत, पण ट्रायल घेतली तर सगळे रंग एकमेकांत मिसळले आणि वरून तपकिरी झाले. काय करू?

उत्तर: अगं, दोन्ही गोष्टी सुधारता येतात. आधी रंग बघ, लिक्विड कलर घातला की बॅटर पातळ होतं आणि रंग पसरतात, म्हणून जेल कलरच घे आणि बॅटर जरा घट्टच ठेव, चमच्यातून जाडसर पडेल इतपत. बॅटर अर्धवट ढवळलं असतानाच वाट्यांमध्ये वाटून घे न् मग रंग घाल, नाहीतर ढवळून ढवळून वॉफल चिवट होतात. निळा हमखास हिरवट दिसतो, कारण अंड्याचा बलक पिवळा, तेव्हा फक्त पांढरा भाग वापर. रंगीत बॅटर पायपिंग बॅगमध्ये (टोकाला छोटं भोक असलेल्या पिशवीत) भरून मशीनवर मधून बाहेर गोल गोल सोड, वर चमचा फिरवू नकोस. आणि हो, साखर कमी घाल, मशीन मध्यम आचेवर ठेव, जास्त साखर आणि जास्त आच यानेच तपकिरी होतं. वाफ यायची जवळजवळ थांबली की काढ आणि जाळीवर ठेव, एकावर एक रचलेस तर मऊ पडतील.