शकुनी आवडणारा मुलगा

"मॅडम, याला शकुनी आवडतो हो," खुर्चीत नीट टेकायच्या आत आई म्हणाली. "म्हणतो, चांगली माणसं बावळट असतात."

१३ वर्षांचा पोरगा शेजारी मान खाली घालून बसलेला. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) शाळेतून चिठ्ठी आली होती. खोडरबराचा फासा करून हा वर्गात पैजा लावायचा. चॉकलेटं जिंकली होती, थोडे पैसेही. तो फासा आईने पर्समध्ये घालून आणला होता. ब्लेडने चौकोनी कापलेला, जेलपेनाचे ठिपके. मी टाकला. सहा. पुन्हा सहा. मग चार, परत सहा. निरखून पाहिलं तर एकच्या ठिपक्याखाली सायकलचा छर्रा दाबून बसवलेला. जड बाजू खाली जाणार आणि समोरचा सहा वर येणार. खरं सांगते, मला आधी कौतुकच वाटलं. ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण पोराने पहिल्यांदाच वर पाहिलं.

मूल हुशार निघालं पण वाईट निघालं तर? चांगलं निघालं पण भोळं राहिलं तर? हे माझ्याकडे दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. बुद्धी मोजायला आमच्याकडे बिने-कामतसारख्या चाचण्या आहेत. (बिनेने १९०५ मध्ये पॅरिसात पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. आपण तिची गुणपत्रिका करून टाकली.) चांगुलपणाचा आकडा काढता येत नाही, म्हणून तो ज्याच्या-त्याच्या घरातल्या बोलण्यावरून ठरतो.

या घरातलं बोलणं मुलानेच सांगितलं, आई बाहेर गेल्यावर. "आमच्याकडे 'देवमाणूस' ही शिवी आहे."

बाबा मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते. मित्राने हप्ते थकवले आणि आता यांच्या पगारातून कपात सुरू होती. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, १८७२च्या करार कायद्यातच तसं आहे. पण सही करताना कोण वाचतं? महिन्याच्या एक तारखेला आजी म्हणायची, "आमचा देवमाणूस." आई भांडं आपटायची. पोराने त्यातून निघायचा तो अर्थ काढला होता.

मी त्याला शकुनीवरून टोकलं नाही. विदुराचं विचारलं. "तो नुसता उपदेश करतो," तो म्हणाला. मग मी वारणावताची गोष्ट काढली. लाक्षागृहाचा डाव विदुराला कळला होता, पण उघड बोलायची सोय नव्हती. निघताना सगळ्यांसमोर तो युधिष्ठिराशी अशा गूढ भाषेत बोलला की शेजारी उभ्या कुंतीलाही उमगलं नाही. मागाहून खणक पाठवून भुयार खोदवलं.

"म्हणजे कोडवर्ड?" पोरगा पुढे सरकला.

"हो. आणि युधिष्ठिर द्यूत हरला ना, तो वनवासात बृहदश्व ऋषींकडून फासे शिकला. पुढे विराटाच्या दरबारात कंक बनून राहिला तो फासे खेळणारा म्हणूनच."

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मग आधी का नाही शिकला?"

प्रश्न बरोबर होता आणि तो माझ्यासाठी नव्हता. पुढच्या भेटीला मी बाबांना बोलावलं.

आईला एवढंच सांगितलं, की महिनाभर 'देवमाणूस' हा शब्द बंद. "मग काय म्हणू?" "राग आलाय तर राग आलाय म्हणा. मला न विचारता सही केली, असं म्हणा." तिचे डोळे भरले. हे वाक्य तिने आजवर नवऱ्याला एकदाही म्हटलेलं नव्हतं.

बाबा आले ते जामीनपत्राची झेरॉक्स घेऊन. टेबलावर पसरली. पोराने विचारलं, "यातलं तुम्ही काय वाचलं होतं?"

"माझं नाव," बाबा म्हणाले. "स्पेलिंग बरोबर आहे का, ते."

पोरगा हसला, मग बाबाही. दोघं पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. चॉकलेटं परत झाली आहेत, पैशांचं अजून चाललंय. फासा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, छर्र्यासकट.