वाचकांचे प्रश्न : आधी उतरण, मग चढण

प्रश्न : आम्ही परभणीचे. मुलगा अकरावीत आणि मुलगी सातवीत आहे. गेल्या पावसाळ्यात दूरच्या एका प्रसिद्ध गडावर गेलो, पण गर्दीमुळे अर्धा दिवस रांगेतच गेला. मराठवाड्यात पायी फिरण्याजोगे डोंगर आणि धबधबे आहेत का? केव्हा जावे आणि कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, परभणी

उत्तर : डोंगर आहेत आणि त्यांच्याशी तुमचे नाते जुने आहे. जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणात साठणारे पूर्णेचे पाणी ज्या डोंगरातून निघते, त्याच सातमाळा-अजिंठा रांगेविषयी मी सांगणार आहे. आपल्याकडून जाताना ही रांग डोंगरासारखी दिसतच नाही, कारण गोदावरीच्या खोऱ्यातून जमीन इतकी हळूहळू चढत जाते की आपण उंचावर आल्याचे लक्षात येत नाही. मग कन्नड किंवा सोयगाव तालुक्यात पठार एकाएकी संपते आणि पायाखाली खानदेश पसरलेला दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा काळा पाषाण तयार झाला. म्हणूनच येथे माथा सपाट आणि कडा ताशीव असतो, आणि कड्यावरून कोसळणारे पाणी थेट खाली झेप घेते.

या रचनेमुळे एक गोष्ट घडते, आणि नवख्या कुटुंबाने तीच सर्वांत आधी समजून घ्यावी. गडावर जाताना आपण ताजेतवाने असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. येथे बहुतेक वाटा पठारावरून दरीत जातात, म्हणजे उतरण आधी आणि चढण शेवटी, तीही दुपारच्या उन्हात. मी स्वतः पहिल्यांदा पितळखोऱ्याची लेणी पाहायला गेलो तेव्हा खाली रमलो, जवळचे पाणी तेथेच संपवले आणि परतीच्या पायऱ्यांवर दर वळणाला बसत वर आलो. तेव्हापासून नियम असा केला आहे की निम्म्याहून अधिक पाणी परतीसाठी ठेवायचे आणि दरीतून निघण्याची वेळ उतरण्यापूर्वीच ठरवायची.

तरीही सुरुवात पितळखोऱ्यापासूनच करा, असे मी आग्रहाने सांगेन. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे ६० किलोमीटरवर कन्नड आहे आणि तेथून पुढे गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात ही लेणी आहेत. पठारावरून पायऱ्या घळीत उतरतात. पावसाळ्यात ओढा वाहत असतो आणि त्याच्या काठच्या कड्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेले विहार आणि चैत्य आहेत. खडक झिजून बराच भाग ढासळला आहे, पण जे उरले आहे ते मुलांना दाखवण्यासारखे आहे. येथील लेखांत दान देणाऱ्या पैठणकरांचा उल्लेख आहे, त्यात सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारे एक कुटुंबही आहे. गोदाकाठचा व्यापारी या वाटेने घाट उतरत असे, हे त्या जागी उभे राहून मुलांना सांगा. पाठ्यपुस्तकातले सातवाहन त्यांना एकदम जवळचे वाटतील. डोंगराच्या पायथ्याला, चाळीसगावच्या बाजूस पाटणादेवीचे मंदिर आहे. त्याच पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने स्थापलेल्या मठाची नोंद आहे. वरून खाली पाटणादेवीपर्यंत रानवाट जाते, मात्र ती माहितगार माणसाशिवाय धरू नये. या रानात बिबट्या आणि अस्वल आहेत. वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून, परवानगी असलेल्या भागातच फिरावे.

दुसरी सहल अजिंठ्याची करावी, पण नेहमीच्या दाराने नव्हे. लेणापूर गावाजवळच्या माथ्यावरून वाघूर नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळसा आणि त्यात ओवलेली सगळी लेणी एका नजरेत दिसतात. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ती पलीकडच्या कड्यावरूनच प्रथम पाहिली होती. तेथून पायवाट उतरून नदीपाशी येते. लेण्यांच्या टोकाला वाघूर सप्तकुंडात टप्प्याटप्प्याने उड्या घेते. कुंडांच्या काठाचा दगड शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो, तेव्हा मुलांना कडेला जाऊ देऊ नका. लेणी सोमवारी बंद असतात.

मुलाला किल्ल्यांची ओढ असेल तर कन्नड तालुक्यातला अंतूर आणि सोयगावजवळचा वेताळवाडी हे दोन्ही किल्ले पाहण्याजोगे आहेत. अंतूरच्या दक्षिणेला, वाटेवर, कोणता रस्ता कोठे जातो हे फारसीत कोरलेला जुना स्तंभ आहे, तो चुकवू नका. म्हैसमाळला गाडी वरपर्यंत जाते; मुलीच्या पायांचा अंदाज घेण्यासाठी ते ठिकाण चांगले आहे.

काळ श्रावणाच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंतचा. आपल्याकडे पाऊस उशिरा जोर धरतो, म्हणून जूनमध्ये गेलात तर धबधब्याच्या जागी कोरडा कडा दिसेल. दिवाळीनंतर ओढे आटू लागतात, आणि पुढे साग-धावड्याची पाने गळाली की सावलीही उरत नाही. लेण्यांत आणि तटबंदीत आग्यामोहोळे असतात. तेथे धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये आणि मोठ्याने ओरडू नये. माशा उठल्या तर जीव धोक्यात येतो. वाटाड्या जवळच्या गावातलाच घ्या आणि त्याचे मानधन निघण्यापूर्वी बोलून ठेवा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला सौताड्याचा धबधबा दाखवता येईल का?
– एक वाचिका, अंबाजोगाई

उत्तर : वरून दाखवता येईल. पाटोदा तालुक्यात विंचरणा नदी जेथे दरीत कोसळते, ते दृश्य माथ्यावरूनही पुरेसे भव्य आहे. रामेश्वराचे मंदिर मात्र दरीत आहे आणि उतरलेल्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात, म्हणून गुडघे दुखत असताना तो हट्ट करू नये. त्यांना पाण्याजवळ बसायचे असेल तर मांजरसुंब्याजवळचे कपिलधार अधिक सोयीचे आहे. मन्मथस्वामींच्या समाधीलगतच धबधबा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत तेथे फार गर्दी होते, तेव्हा ते दिवस टाळून भाद्रपदात, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी लवकर न्या.