वाचक विचारतात : चौकात सर्कल करायचे, पण कसे?

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्या चौकात चार रस्ते मिळतात. शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी सातच्या सुमारास कोंडी होते. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. समोरासमोरच्या कडांमध्ये २८ मीटर जागा आहे. मध्ये कारंज्याचे सर्कल बांधावे, असे रहिवाशांना वाटते. त्याने कोंडी सुटेल का?

उत्तर : सुटू शकते, पण ते काम कारंजे करत नाही. सर्कलची सगळी करामत चौकात शिरण्याच्या जागी असते. वाहन सरळ न घुसता डावीकडे वळून, वेग २५-३० किलोमीटरवर आणूनच आत आले पाहिजे. साध्या चौरस्त्यावर वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात किंवा मिळतात. एकपदरी सर्कलवर अशा जागा ८ उरतात, आणि समोरासमोरची धडक जवळजवळ टळते.

२८ मीटरमध्ये मापे अशी बसतात. बाहेरच्या कडेपासून ६ मीटर रुंद फिरता रस्ता. त्याच्या आत अडीच मीटरचा खडबडीत काँक्रीटचा पट्टा, ५ ते ७ सेंटीमीटर उंच, कड उतरती. मधोमध उरते ११ मीटर व्यासाचे बेट. हा पट्टा खर्च वाचवायला गाळला जातो, आणि तिथेच फसगत होते. बस किंवा जोडट्रॉलीची मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून वळतात. पट्टा नसला की ती बेटाच्या दगडावर चढतात, नाहीतर चालक मोठे वळण घेऊन शेजारच्याला दाबतो. पट्ट्याची कड उभी ठेवू नका, दुचाकी घसरते.

प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी दुभाजक बेट हवे. त्यामुळे वाहन वळते आणि उलट्या बाजूने कोणी घुसत नाही. प्रवेश ४ मीटरचाच ठेवा. रुंद ठेवला तर दोन रिक्षा शेजारी-शेजारी घुसतात आणि वेगही कमी होत नाही. झेब्रा पट्टे थांबण्याच्या रेषेपासून ६-७ मीटर मागे, दुभाजकातून जाणारे हवेत. म्हणजे आजीबाईंना एका वेळी एकाच बाजूची वाहने बघावी लागतात. त्या जागी दुभाजक किमान २ मीटर रुंद ठेवा.

आणि प्राधान्य. २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार गोलात आधीपासून असलेल्याला पहिला हक्क, बाहेरचा थांबतो. हे उलटे झाले की गोलातली वाहने अडकतात, बाहेर पडायची वाट बंद होते आणि चारही बाजू एकदम गोठतात. म्हणून प्रत्येक प्रवेशावर उलट्या त्रिकोणाचा फलक आणि रस्त्यावर तुटक पांढरी रेषा हवीच. पहिले दोन-तीन आठवडे वाहतूक पोलीसही उभे असावेत.

रस्त्याचा उतार बाहेरच्या बाजूला, साधारण २ टक्के. आत उतार दिला तर पावसात बेटाभोवती तळे साचते.

बांधकामाआधी फक्कीने आखणी करा, शंकू आणि वाळूच्या गोण्या मांडा आणि ट्रॉल्या चालू असताना, म्हणजे गळीत हंगामातच, दोन आठवडे बघा. चाकांचे ठसे कुठे उमटतात, ते पाहून माप बदला. गोण्या सरकवायला काही लागत नाही, दगड उपटायला लागते.

प्रश्न : सिग्नल बरा की सर्कल?

उत्तर : आधी मोजा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, दर १५ मिनिटांनी, कोण कुठून आला आणि कुठे वळला. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९७६ च्या शिफारशींत सर्व बाजूंनी मिळून तासाला सुमारे ३,००० वाहने ही मर्यादा धरली होती. त्याच्या वर सिग्नल पाहावा. एकाच रस्त्यावर प्रचंड आणि बाकीच्यांवर किरकोळ वाहतूक असेल, तरी सर्कल जमत नाही. किरकोळ बाजूंना शिरायला फटच मिळत नाही.

प्रश्न : आमचा चौक २० मीटरचाच आहे, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक तिथून जाते. काही करता येईल?

उत्तर : छोटे सर्कल. मधला घुमट ३-४ मीटर व्यासाचा, जास्तीत जास्त साडेबारा सेंटीमीटर उंच, पांढरा. मोठी वाहने त्यावरून जातील, तो त्यासाठीच बसका ठेवायचा. वर पुतळा, कमान, झाडे काही नको. फलकांचे खांब जमिनीतल्या नळीत बसवा, म्हणजे यात्रेत काढून ठेवता येतील. दिवे मधोमध एका उंच खांबावर लावण्याऐवजी प्रवेशांजवळ लावा, कारण रस्ता ओलांडणारा माणूस तिथेच असतो. आणि रिक्षाथांबा, भाजीगाड्या प्रवेशापासून २० मीटर लांब.