मुलांच्या छंदवर्गासाठी हलवता येणारा जिम्नॅस्टिक्सचा बार कोणता घ्यावा?

आपला वर्ग शाळेच्या सभागृहात भरतो आणि तास संपल्यावर जागा मोकळी करून द्यावी लागते, म्हणून उचलून ठेवता येईल असा हलका बार आपण विचारला आहे. त्यातील ‘हलका’ हा शब्द आधी खोडून टाका, हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

जळगाव जिल्ह्यातील एका संस्थेत मी शिकवत होतो. लग्नसराईत तेथील सभागृह भाड्याने जात असल्याने दोन माणसांना उचलता येईल असा घडीचा सिंगल बार (दोन खांबांवर एकच आडवा दांडा) व्यवस्थापनाने आणला. त्याचा पाया जेमतेम चार फूट लांब होता आणि तो अपुरा असल्याचे मी लेखी कळवले. त्यावर कार्यवाह आबा म्हणाले, “मास्तर, लहान पोरे शेतस, त्यासले कोठे ऑलिम्पिकले जानं शे!” उन्हाळी शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ वर्षांची एक मुलगी झोका घेत असताना शहाबादी फरशीवरून बारचे मागचे पाय उचलले गेले आणि तो पुढे कलंडला. मी खांदा दिला म्हणून लोखंड तिच्या अंगावर आले नाही, पण खाली पडताना तिचे मनगट मोडले. अहवालात मात्र ‘प्रशिक्षकाचे दुर्लक्ष’ असे नोंदवले गेले.

लहान मुलांना कमी भक्कम साधन चालते, ही समजूतच चुकीची आहे. शरीर आडवे असताना सुटलेला झोका तळाशी येतो तेव्हा दांड्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट ताण पडतो, म्हणजे ३० किलोच्या मुलाचा ७५ ते ९० किलो. हा ताण सरळ खाली असतो तोवर बार उलट घट्ट बसतो. परंतु त्याआधी आणि त्यानंतर, अंग तिरपे असताना, तो दांड्याला आडवा ओढतो आणि बार कलंडतो तो त्याच क्षणी. म्हणून झोक्याच्या दिशेने पाया किती लांब आहे, हे प्रथम मोजावे. दांडा दीड मीटर उंचीवर ठेवणार असाल, तर दोन मीटरपेक्षा आखूड पाया मी कधीही घेणार नाही. ने-आण करण्यासाठी चाके लावून घ्या, वजन घटवू नका. वापरताना मात्र चाके जमिनीपासून सुटलेली असावीत.

पाया आणि खांब गावातील चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतात, दांडा कदापि नाही. स्पर्धेतील पुरुषांच्या आडव्या बारचा दांडा २८ मिमी जाडीचा आणि लवचिक पोलादाचा असतो, तर त्याऐवजी लावलेला पाण्याचा एक इंची पाइप बाहेरून ३३ मिमीहून जाड भरतो आणि एकदा वाकला की वाकलेलाच राहतो.

पैसे देण्यापूर्वी प्रत्येक पायाखाली कागदाचा तुकडा ठेवा आणि एका मोठ्या माणसाला सावकाश झोका घ्यायला लावा. झोक्याच्या कोणत्याही टप्प्यावर कागद सहज ओढून निघाला, तर तो बार परत पाठवावा.

हे सर्व सहा ते बारा वर्षांच्या मुलांपुरते आणि दांड्याच्या खालच्या झोक्यांपुरते आहे. दांड्याभोवती पूर्ण फेरी घेणाऱ्यांना तारांनी जमिनीला जखडलेलाच बार लागतो. उघड्या मैदानावर, आपल्या काळ्या मातीत, हलवता येणारा बार मांडू नये, कारण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि पाया समपातळीत राहत नाही.

मोजमापे व्यवस्थापनाला लेखी द्या आणि त्यांची सही-शिक्क्याची पोच घ्या. मी ती घेतली नव्हती.