पेशी पण सेल, घड्याळात टाकतो तोही सेल आणि फोन पण सेल फोन... एकच शब्द इतक्या ठिकाणी का?

प्रश्न मस्त आहे, कारण हे सगळे सेल खरंच एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये सेला म्हणजे छोटी खोली, तिथूनच हा शब्द आलाय. तुरुंगातल्या कोठडीला सेल म्हणतात तो सगळ्यात सरळ अर्थ, अंदमानच्या सेल्युलर जेलचं नाव पण त्यावरूनच.

आता बायोलॉजी. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने बुचाचा एकदम पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला, त्यात त्याला बारीक बारीक रिकामे कप्पे दिसले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, आणि १६६५ साली छापलेल्या पुस्तकात त्याने त्यांना सेल म्हटलं. मला यात भारी वाटतं ते हे की त्याने बघितल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या, आत काहीच उरलं नव्हतं. जिवंत पेशीत केंद्रक असतं, ऊर्जा तयार होत असते, प्रथिनं बनत असतात, एवढी गजबज असते पण नाव राहिलं ते रिकाम्या खोलीचंच.

बॅटरीवाल्या सेलचं पण तसंच. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली जस्त आणि तांब्याच्या (किंवा चांदीच्या) चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापड, अशी चळत रचून वीज मिळवली. पुढे लाकडी खोक्यात कप्पे पाडून त्यात द्रावण भरायला लागले, त्यातला एक कप्पा म्हणजे एक सेल. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवाच, आपण बोलताना सेल आणि बॅटरी सरसकट एकच धरतो पण मुळात सेल म्हणजे एक नग आणि बॅटरी म्हणजे असे अनेक सेल जोडलेला संच. रिमोटमधला पेन्सिल सेल हा खरा सेल, १.५ व्होल्टचा, दोन एकापुढे एक टाकले की ३ व्होल्ट. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी असते ना, तिच्या आत १.५ चे सहा छोटे सेल असतात, आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत साधारण २ व्होल्टचे सहा. सेल असे एकापुढे एक जोडलेले असतात म्हणूनच रिमोटमध्ये एक नवा आणि एक जुना सेल टाकू नका, करंट दोघांतून तोच जातो, जुना आधी संपतो आणि नवा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, मग तो जुना सेल लीक होतो आणि स्प्रिंगवर ती पांढरी पावडर जमते.

सेल फोनचा मात्र आतल्या बॅटरीशी काही संबंध नाही, बऱ्याच जणांना तसं वाटतं म्हणून मुद्दाम सांगतोय. सगळ्या भागाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला आपला टॉवर, त्या तुकड्याला सेल म्हणतात. टॉवरची पॉवर कमी ठेवली की तीच फ्रिक्वेन्सी थोड्या लांबच्या सेलमध्ये परत वापरता येते, त्यामुळे मोजक्याच फ्रिक्वेन्सीत लाखो लोक बोलू शकतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत ही कल्पना १९४७ मध्येच मांडली होती. चालत्या गाडीत बोलताना फोन एका सेलमधून दुसऱ्यात जातो आणि आपल्याला सहसा कळतही नाही.

एक्सेलमधला चौकोन, सायबर सेल, सोलर सेल, हे पण याच कुळातले. फक्त दुकानात ‘सेल लागलाय’ म्हणतो तो सेल वेगळा, तो विक्रीचा शब्द आहे, मराठीत दोन्ही सारखेच लिहितो म्हणून घोळ होतो.