एच६१ बोर्डाला सात हजारांचा वेग नको, साधी साटा एसएसडी पुरे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डिचोलीतल्या घरी २०१३ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप, तिसऱ्या पिढीचा आय३, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. बाबा त्यावर देवस्थानच्या पत्रिका आणि भजनी मंडळाच्या पुस्तिका पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावतात, मुलगी शाळेचं काम करते आणि घरचे सगळे फोटोही त्यातच. दुकानदार म्हणतो, सेकंदाला सात हजार एमबी वेगाची जेन-फोर एनव्हीएमई घ्या, कार्डावर बसवून देतो. घ्यावी का?

नको. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, आणि एनव्हीएमई हा तिचाच जास्त वेगवान प्रकार. दुकानदार लबाड असेलच असं नाही, पण त्याने तुमच्या कॉम्प्युटरचा डबा उघडून पाहिलेला नाही एवढं नक्की. एच६१ बोर्डावर एम-टूचा स्लॉटच, म्हणजे एनव्हीएमई खोचायची जागाच, नसते. कार्ड टाकून एनव्हीएमई बसते हे खरं, पण त्या काळच्या बायोसला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरला, तिच्यावरून विंडोज सुरू कसं करायचं हेच ठाऊक नाही. ही सोय साधारण २०१४ नंतरच्या बोर्डांत येऊ लागली. बायोसमध्ये खटपटी करून ते जमवणारे लोक आहेत. मीही एकदा फोंड्यात भाच्याच्या मशीनवर जमवलं, पण अख्खा रविवार गेला आणि जेवायला चार वाजले. परत करणार नाही.

तुमच्या बोर्डाला हवी ती अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे आताच्या हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची. आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून आधी वाईट वाटेल. एच६१ ची स्वतःची साटा पोर्टं जुन्या ३ गिगाबिटची आहेत, नंतरची ६ गिगाबिटची असतात. म्हणजे खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी असं लिहिलेली एसएसडी तुमच्याकडे २७० च्या आसपास पोचेल. निम्मा वेग गेला असं वाटतं ना? तुम्हाला तो कळणारही नाही, आणि ते का हे नीट समजून घ्या, कारण दुकानातल्या बहुतेक बाता याच आकड्यावर चालतात.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद, आणि डोकं सरकून त्या जागी जायला आणखी आठ-नऊ. एका तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद गेले. सेकंदात असे ऐंशीएक तुकडे मिळतात, त्याहून जास्त नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक तुकडे इकडून तिकडून गोळा करतं. तुमची पाच मिनिटं तिथे जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, एक तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. सेकंदाला असे दहा हजार तुकडे आले तरी प्रत्येक ४ केबीचा, म्हणजे सगळे मिळून ४० एमबी. तुमच्या जुन्या पोर्टातून २७० जाऊ शकतात. मग अडलं कुठे? सात हजारांचा आकडा एकच लांबलचक फाईल सलग वाचण्याचा असतो. लग्नाचे व्हिडिओ दिवसभर कापणाऱ्याला तो उपयोगी पडेल. पेजमेकरला नाही.

म्हणून वेगावर पैसे घालू नका. आत काय आहे त्यावर घाला.

साटा एसएसडीत मी पहिल्यांदा बघतो ती डीरॅम. कुठली माहिती कुठल्या चिपवर ठेवली आहे याचा एक नकाशा एसएसडी सतत बाळगून असते. डीरॅम ही स्वतःची छोटी मेमरी असलेली एसएसडी तो नकाशा तिथे ठेवते. स्वस्तातल्या मालात ही मेमरी गाळलेली असते. एनव्हीएमईत तिच्यावाचून निभावतं, कारण ती कॉम्प्युटरच्या रॅममधला थोडा भाग उसना घेऊ शकते. साटाला ती सोय नाही. त्यामुळे एनव्हीएमईला लागू पडणारा 'डीरॅम नसली तरी चालतं' हा सल्ला साटाला जसाच्या तसा लावू नये. सॅमसंग ८७० ईव्हीओत डीरॅम आहे, क्रूशल एमएक्स५०० मध्येही आहे. किंग्स्टन ए४०० आणि क्रूशल बीएक्स५०० मध्ये नाही. या दोन वाईट नव्हेत, शाळेच्या कामाला धावतात, पण डिस्क भरत आली आणि एकदम वीसेक जीबी फोटो टाकले की धापा टाकायला लागतात. क्रूशलबाबत एक ध्यानात ठेवा: मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे दुकानात दिसेल तो उरलेला माल. वॉरंटीची तारीख विचारूनच घ्या.

दुसरं, चिपमधल्या एका पेशीत, म्हणजे माहिती साठवायच्या कप्प्यात, किती बिट कोंबले आहेत. तीन असतील तर टीएलसी, चार असतील तर क्यूएलसी. चार कोंबले की माल स्वस्त होतो, पण लिहिणं मंदावतं आणि झीज लवकर होते. घरच्या मुख्य डिस्कला टीएलसी घ्यावी. खोक्यावर लिहिलेलं नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू बघा, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे ते. ८७० ईव्हीओच्या ५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षं आहेत. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, जे तुमच्या घरात होणार नाही, तरी १५,००० दिवस पुरेल. चाळीस वर्षं होतात! तेव्हा 'एसएसडी झिजते हो' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजा आणि विषय बदला.

२५६ की ५०० जीबी? ५००. विंडोज आणि त्याचे अपडेट, बाबांच्या फायली, वरून रिकामी जागा, असं धरलं तर २५६ एका वर्षात भरते, आणि एसएसडी गच्च भरली की मंद होते. पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवायची. ५०० घेतलीत की विंडोज ४६५ दाखवेल, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. दर मात्र मी सांगत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलायला सुरुवात केल्यापासून २०२५ च्या शेवटाला भाव चढले, आणि आज लिहिलेला आकडा चवथीपर्यंत खोटा ठरेल. वर १८ टक्के जीएसटी आहेच, बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

बिलावरून आठवलं. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि घरी आल्याबरोबर त्या बिलाचा फोटो काढा. दुकानातल्या छोट्या मशीनवर छापलेलं बिल आपल्या दमट हवेत वर्षभरात कोरं होतं. वॉरंटी पाच वर्षांची आणि कागद पांढराफटक, हे मी भोगलंय.

आणि भलत्याच स्वस्त मालापासून सांभाळा. दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक १ टीबीची बाहेरून लावायची एसएसडी मागवली. किंमत बघून शंका आली होती, तरी मागवली, चूक माझीच. चवथीला वाड्यावरच्या घुमट आरतीचं रेकॉर्डिंग तिच्यात टाकलं. फायलींची नावं सगळी दिसत होती, उघडायला गेलं की निम्म्याहून जास्त कोऱ्या. कवच फोडलं तर आत मोबाईलमधलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड चिकटवलेलं! तेव्हापासून नवी डिस्क आली की आधी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवतो. ते पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतं. रात्री लावून झोपायचं.

आता बसवण्याचं. एरवी दहा वर्षं जुन्या मशीनवर मी विंडोज नव्याने टाका म्हणतो. तुम्हाला ते सांगणार नाही, कारण बाबांचं पेजमेकर आणि ते जुने युनिकोडपूर्वीचे मराठी फॉण्ट. त्यांची सीडी आता सापडणार नाही, आणि फॉण्ट हरवला तर शंभर पुस्तिका वाचता न येणाऱ्या चिन्हांच्या होतील. तुम्ही क्लोन करा, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवा. सॅमसंग घेतलीत तर कंपनीचं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. क्लोनझिलाही फुकट आहे, पण त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. ५०० ची जुनी आणि ४८० ची नवी असेल तर ते अडतं. म्हणून ५०० म्हणतोय. क्लोनच्या आधी फॉण्टचा फोल्डर तेवढा पेन ड्राइव्हवर वेगळा काढून ठेवा, माझ्या समाधानासाठी.

क्लोन झाला की कॉम्प्युटर बंद करा, जुन्या डिस्कची वायर काढा, मगच एसएसडीवरून सुरू करा. दोन्ही लावून सुरू केलं तर कुठल्या डिस्कवरून सुरू झालंय हेच कळत नाही. बायोसमधला साटा मोड, आयडीई असो की एएचसीआय, आहे तोच राहू द्या. बदललात तर निळा स्क्रीन येईल. डब्यात अडीच इंची जागा नसेल तर पट्टी मिळते, आणि नाही मिळाली तरी आत काही फिरत नसल्यामुळे केबल टायने बांधली तरी चालतं. डेटा केबल खोक्यात सहसा नसते, ती वेगळी घ्या.

आपल्याकडे मला झिजण्याहून जास्त भीती विजेची वाटते. मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की लाईट जाते-येते-जाते. घरगुती एसएसडीत अचानक वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करायला लागणारे कपॅसिटर नसतात, ते महागड्या सर्व्हरच्या डिस्कांत असतात. लिहिता लिहिता वीज गेली की तो नकाशा अर्धवट राहू शकतो आणि डिस्क दिसेनाशी होते. अशा वेळी डेटा केबल काढून नुसती पॉवर देऊन अर्धा तास ठेवली की कधी कधी परत येते, पण त्या भरवशावर राहू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या. असला तर त्याची बॅटरी तपासा, दोन-तीन वर्षांत ती मरते आणि यूपीएस नुसता शोभेचा राहतो. गडगडाटाची चिन्हं दिसली की वीज कडाडण्याआधीच प्लग काढा, आणि इंटरनेटची वायरही. मी एक बोर्ड त्या वायरीतून गमावलाय.

फोटोंबद्दल. हार्ड डिस्क मरण्याआधी बहुधा टक टक करून कळवते, एसएसडी काही न बोलता जाते. शिवाय पुसलेल्या फायलींची जागा ती स्वतःच साफ करत असते, त्यामुळे परत मिळवणं जवळपास अशक्य. जुनी ५०० ची डिस्क महिनाभर हात न लावता ठेवा, सगळं सुरळीत असेल तर मग ती फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी वापरा, आणि तिसरी प्रत घराबाहेर. एसएसडीत फोटो भरून ती कपाटात ठेवून देणं मात्र करू नका. वीज न मिळता पडून राहिली की पेशींतला भार हळूहळू ओसरतो, झिजलेल्या डिस्कचा तर लवकरच.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणून या मशीनवर एसएसडीपलीकडे मोठा खर्च करू नका. एसएसडी वाया जाणार नाही, उद्या नवा डेस्कटॉप घेतलात तर त्यातही साटा पोर्ट मिळेल.

अपवाद एकच, रॅमचा. ४ जीबी आज अपुरी आहे, आणि रॅम भरली की विंडोज डिस्कवर लिहायला लागतं. डीडीआर३ ची आणखी ४ जीबी टाका. बाजारात जाल तेव्हा आतली रॅमची स्टिक काढून एखाद्या डबीत घालून सोबत न्या, नुसतं 'डेस्कटॉपची' म्हटलं की लॅपटॉपची हातात देतात. आणि निघण्याआधी क्रिस्टल डिस्क इन्फो हे डिस्कची तब्येत रंगाने दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कचा रंग बघा. निळा असेल तर वर सांगितलं तसं करा. पिवळा किंवा लाल असेल तर क्लोन राहू दे, आज रात्रीच फोटो आणि बाबांच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या आणि मला इथे लिहा.